कोणाच्या घरची पायली

पायली म्हणजे किती लिटर, असं मला कोणी विचारलं की मी आधी विचारते, कोणाच्या घरची? नातसून मोबाइलमध्ये बघून एक आकडा सांगते. तो चूक आहे असं मी म्हणत नाही, कुठल्यातरी पायलीचा तो असेलच. आमच्या घरच्या पायलीत चार लिटर मावत, आणि हे मी स्वतः मोजलेलं आहे. शेजारच्या घरची पायली त्याच्या बरीच आधी भरून सांडायची. तिलाही पायलीच म्हणत आणि कोणाचं काही अडत नव्हतं. ज्याच्या मापानं धान्य उसनं नेलं त्याच्याच मापानं ते परत आणायचं, एवढं सगळ्या गावाला कळत होतं. गडबड झाली ती लिटर आल्यावर, आणि आमच्या घरातली गडबड मिटली तीही लिटरमुळेच. मी चौथी शिकले. गावात शाळाच चौथीपर्यंत होती, त्यात दुःखाची गोष्ट काही नाही. चौथीत जे शिकले ते मला आयुष्यभर पुरलं, आणि त्याचा सगळ्यात मोठा उपयोग चौथीत असतानाच झाला.

आमचं गाव धानोऱ्याच्या बाजाराला बैलगाडीनं जावं इतक्या अंतरावर. घर तीन भावांचं. थोरले आबा, मधले तात्या आणि धाकटा माझा बाप. चूल एक, कोठीघर एक आणि बोलणारं तोंडही एकच, ते आबांचं. आबांना दोन मुलगे, दोघांनाही मिसरूड फुटलेलं. तात्यांना एक मुलगी, विमल, माझ्याहून लहान. माझ्या आईबापाला मी एकटी. माझा बाप आबांसमोर खाटेवर बसत नसे, बैलांना मात्र तोंड भरून शिव्या द्यायचा, म्हणजे आवाज त्याला होता. आबांच्या बायकोला आम्ही पोरी मोठी माय म्हणायचो. ती दिवसभर आबांच्याच बोलण्याची शेपटी धरून बोलायची. आबा म्हणाले भाजी खारट, की ती म्हणायची खारटच शे, जरी भाजी तिनंच केलेली असली तरी.

सकाळ व्हायची ती जात्यानं आणि दुधाच्या धारांनी. एका बाजूनं माझी माय दळत असायची, दुसऱ्या बाजूनं काकू म्हशी पिळत असायची. काकू म्हणजे तात्यांची बायको. रिकाम्या बादलीत पडणारी धार टणटण वाजते, बादली भरत आली की तिचा आवाज जाड होतो. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं की दूध कुठवर आलं. चुलीवर कळण्याची भाकरी, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल. रविवारी कढी आणि फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके. फुनके वाफवायला ठेवले की दोन्ही चुलतभाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे आणि मोठी माय त्यांना फुंकणीनं हाकलायची. आता माझी सून फुनके कुकरमध्ये करते. चांगले होतात. पूर्वीची चव राहिली नाही असं म्हणणाऱ्या बायकांमधली मी नाही. पूर्वी भूक जास्त होती, चव तिची होती.

काकू प्रेमळ वगैरे नव्हती. तिचे दंड पुरुषासारखे होते, दातांना मिसरी लावलेली असायची आणि चिमटा असा काढायची की दोन दिवस निळं राहायचं. पण सगळ्या म्हशी ती एकटी पिळायची. ती होती म्हणून माझ्या मायला दळणाला आणि शेताला वेळ मिळायचा, आणि मायला वेळ मिळायचा म्हणून मी शाळेत जायचे. हे मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं. तात्या ताप येऊन वारले. काकूनं पदर पुढे ओढला, बांगड्या उतरवल्या आणि काही दिवसांनी पुन्हा म्हशींखाली जाऊन बसली. तोवर मायनं म्हशी पिळून बघितल्या होत्या. निम्मं दूध म्हशींनी चोरलं होतं आणि एकीनं बादलीत पाय घातला होता.

लिटर आमच्या घरी दुधामुळे आला. आबा नंदुरबारला चहाच्या हॉटेलांत दूध घालायचे. तिथं शेर बंद झाला, सरकारी शिक्क्याचीच मापं पाहिजेत असं ठरलं, तेव्हा आबांनी मापांचा सगळा संचच आणला. लहान मापं कोकरांसारखी एकात एक बसायची. सगळ्यात मोठं पाच लिटरचं, कडेवर शिक्का मारलेलं. आबांना त्याचं एवढं कौतुक की पाहुणा आला की ते आधी माप दाखवायचे, मग पाणी विचारायचे. शेर म्हणजे अडाण्यांचं माप, असं तेव्हापासून म्हणू लागले. स्वतः जन्मभर शेरानं मोजलं होतं त्याचं काही नाही.

शाळेतही त्याच सुमारास दशमान पद्धत आली. आमच्या गुरुजींकडेही लिटरची मापं आली होती. त्यांना वाटलं, गावातल्या मापांचे लिटर किती ते मुलांकडून काढून घ्यावं आणि फळ्यावर कोष्टक करून टाकावं. त्यांनी सगळ्यांना घरून पायली आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी शाळा म्हणजे भांड्याबोहाऱ्याचं दुकान झाली. कोणाची लोखंडी, कोणाची लाकडाची, कोणाची पत्र्याची. पोरांनी त्या डोक्यात घालून लढाई केली. मग शाळेच्या रांजणातलं पाणी घेऊन मोजणी सुरू झाली. पहिल्याची पायली साडेतीन लिटरला भरली. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं. दुसऱ्याची त्याहून मोठी निघाली, गुरुजींनी पुसून लिहिलं. लाकडाची होती तिच्यातून पाणी गळत राहिलं, तिच्यात किती मावतं ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि ती आणणारी पोरगी रडायला लागली. आमची पितळी होती. बरोबर चार लिटर, पाणी काठाला टेकलं आणि थांबलं. गुरुजींनी पुन्हा पुसलं. मग पोरांत जुंपली. ज्याची पायली लहान त्याचा बाप लबाड, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "तुमनी पायली उपाशी शे, म्हणून इतकी खास." म्हणजे इतकी खाते. गुरुजींनी छडी आपटली आणि फळा कोरा ठेवला. म्हणाले, "आपापलं घरचं उत्तर आपापल्या ध्यानात ठेवा." मी ठेवलं.

ती पितळी पायली त्यानंतर लवकरच गेली. आबांनी ती तांबटाला मोडीत घातली आणि तिच्या बदल्यात एक बंब आणला. बायकांना न विचारता. मोठी मायसुद्धा तेव्हा चुलीपाशी काहीतरी पुटपुटली होती, कारण ती पायली नुसती धान्याची नव्हती, कानबाईची होती. ज्यांना खानदेश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, साडी नेसवून तिची मांडणी करतात, सोमवारी वाजत गाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याला गव्हाचे रोट. त्याचे गहू घरातल्या पुरुषागणिक मोजून काढायचे. कोणाकडे माणशी सव्वा मूठ, कोणाकडे सव्वा शेर. आमच्या घराण्याचा नेम मोठा, माणशी सव्वा पायली. म्हणजे एक पायली सपाट भरून ओतायची आणि वर सव्वाची म्हणून एक मूठ टाकायची. मूठ टाकताना घरातल्या कर्त्यानं त्या माणसाचं नाव घ्यायचं. बायकांच्या आणि पोरींच्या नावाचं माप नसतं. रोट मात्र घरातल्या सगळ्यांनीच खायचे आणि फक्त घरातल्यांनीच. पाहुण्याला नाही, लेक सासरी गेलेली असेल तर तिला नाही, गुराढोरांनाही नाही. ताट धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात ओतायचं. आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे, उरवायचे नाहीत.

तात्या गेले त्या वर्षी सुतकामुळे कानबाई बसली नाही. दुसऱ्या वर्षी बसणार म्हटल्यावर प्रश्न उभा राहिला की मापं किती. आजवर घरात पुरुष गेला तर त्याच्या जागी मुलगा असायचा, तेव्हा असा प्रश्न कधी पडला नव्हता. आबा जेवताना एकदम म्हणाले की चार. ते, त्यांचे दोन मुलगे आणि माझा बाप. माझ्या बापानं घास तोंडात तसाच धरला. आबांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, "माप जित्ता माणूसनं ऱ्हास, मरेलनं नही."

याचा अर्थ सगळ्यांना कळला. तात्यांच्या नावाचं माप नाही म्हणजे तात्यांचं घर या चुलीवर नाही. मग काकूनं रोट कुठल्या नात्यानं खायचे? आणि जिला रोट नाहीत ती भाऊबंदकीत नाही. जमिनीतला वाटाही मग आपोआप गेला. कागदावर कोणी काही लिहीत नव्हतं तेव्हा, असंच ठरायचं. आबांनी काकूच्या भावाला कोरीटला निरोपही पाठवला होता, सोमवारी कानबाई उठली की गाडी घेऊन ये आणि बहिणीला घेऊन जा. निरोप प्रेमाचाच होता, बिचारीला माहेरी बरं वाटेल असा. काकूचा भाऊ गरीब माणूस, त्याच्या घरात स्वतःच्याच पोरांना झोपायला जागा नव्हती. काकूला हे नंदुरबारला दूध नेणाऱ्या पोऱ्याकडून कळलं. तिनं त्या दिवशी म्हशी पिळल्या, बादल्या आणून ठेवल्या आणि आबांच्या समोर दारात उभी राहून म्हणाली, "मन्ही चूल हाईच शे. मी कोठेच जाणार नही." आबा खाटेवरून उठून निघून गेले. वाद घालायचा नसला की ते असेच उठायचे.

माझी माय मला त्या दिवसांत उगाच धपाटे घालायची. एकदा जात्यावर बसली असताना थांबली आणि माझ्या बापाला म्हणाली, "आज तिनी पाळी, उद्या मन्ही." बाप उठला. बैलांकडे गेला. मला भाऊ नव्हता, हे मला तोवर फक्त राखीच्या दिवशी आठवायचं. त्या दिवशी त्याचा दुसरा अर्थही कळला. पण खरं सांगायचं तर मी जास्त घाबरले ते म्हशींना. काकू गेली की म्हशी मायच्या गळ्यात, दळण आणि झाडलोट माझ्या गळ्यात. शाळा संपली. अजून भागाकाराचे हिशेब यायचे होते.

गहू मोजायचा दिवस आला. निवडून, धुऊन, उन्हात वाळवलेले गहू कोठीघरासमोरच्या ओसरीत होते आणि शेजारी स्वच्छ धोतर अंथरलं होतं, मोजलेले गहू त्यावर ओतायचे. सगळे जमले. काकू विमलला घेऊन म्हशींच्या गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती, ना आत ना बाहेर. आबा न्हाऊन, टोपी घालून आले आणि त्यांच्या हातात ते शिक्क्याचं पाच लिटरचं माप होतं. मोठ्या मायनं विचारलं की पायलीचा नेम या मापानं कसा व्हायचा. आबांना हाच प्रश्न हवा होता असं वाटलं. ते म्हणाले की हे पायलीपेक्षा मोठंच आहे. "कानबाईले कमी पडाव नही. जास्तच जाई." मोठी माय लगेच म्हणाली, जास्तच जाई. आणि आबांनी माप गव्हात खुपसलं.

पहिलं माप स्वतःच्या नावाचं. तळहातानं सपाट केलं, धोतरावर ओतलं, वर मूठ टाकली, नाव घेतलं. दुसरं थोरल्या मुलाचं, तिसरं धाकट्याचं, चौथं माझ्या बापाचं. गहू ओतताना पाऊस लागल्यासारखा आवाज होतो आणि मग एकदम थांबतो. चौथ्या मुठीनंतर आबांनी माप पालथं घातलं. म्हणजे झालं. काकू जागची हलली नाही.

माझ्या डोक्यात मात्र पावकी चालू होती. आम्हाला गुरुजी पावकी, निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढे, रोज घोकायला लावायचे. आमची पायली चार लिटरची, माप पाच लिटरचं. म्हणजे दर मापात पायलीवर पाव पायली जास्त. आणि चार पाव एक. हे काही मोठं गणित नव्हे. वर्गातला सगळ्यात ढ मुलगाही सांगेल. पण त्या ओसरीत ते आणखी कोणी करत नव्हतं, कारण सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. मी बोलले. मोठ्यांच्यात बोलायचं नसतं हे मला माहीत होतं, पण उत्तर आलं की हात वर करून सांगायची सवय लागलेली.

मी म्हणाले, "आबा, ह्या चार नही व्हयन्यात. ह्या पाच पायल्या शेतस."

आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जसा काही कोठीतून उंदीरच बोलला. कोणी सांगितलं म्हणून विचारलं. मी म्हणाले, शाळेत मोजलं, आपली पायली चार लिटरची. मग मी त्यांना पाव आणि चार पावांचा एक असं सगळं सांगितलं. धाकटा चुलतभाऊ हसला आणि म्हणाला की पोरगी मास्तरीण झाली. माझ्या मायनं मला मागून ओढलं, पण फार जोरात नाही. ओढायचं म्हणून ओढलं.

आबा म्हणाले की पायली तर आता नाही, पोरीच्या तोंडावर विश्वास कोण ठेवील. तेव्हा काकू पहिल्यांदा हलली. कोठीघरात गेली आणि अधोली घेऊन आली. अधोली म्हणजे अर्धी पायली, दोन अधोल्यांची एक पायली होते. रोजच्या दळणाचे दाणे काढायला ती बायकांच्या हाताखाली असायची, म्हणून तांबटाच्या पोत्यात जायची राहिली होती. काकूनं ती आबांसमोर ठेवली आणि बाजूला ज्वारीचं सूप ठेवलं. कानबाईच्या गव्हाला हात लावला नाही. आबांना आता माघार घेता येईना. त्यांनी स्वतः अधोलीनं ज्वारी भरून मापात ओतली, एक, मग दुसरी. पायली झाली. माप भरलं नव्हतं. वरून दोन-तीन बोटं रिकामं दिसत होतं, आणि सगळे वाकून तिथंच बघत होते. तिसरी अधोली अर्धी ओतली तेव्हा माप काठाला लागलं. अर्धी अधोली म्हणजे पाव पायली. आबांनी अधोलीत उरलेल्या ज्वारीकडे बघितलं. त्यांना हिशेब कळत होता. दुधाचा धंदा करणारा माणूस, न कळायला काय झालं.

मग ते म्हणाले, ठीक आहे, जास्त झाले तेवढे गहू काढून कोठीत टाका. यावर जी बोलली ती मोठी माय. सगळ्या जन्मात आबांच्या विरुद्ध तिच्या तोंडून निघालेलं मी ऐकलेलं हे एकच वाक्य. ती म्हणाली, "कानबाईना नावना गहू परत कोठीमा जातस का?" ते जात नाहीत हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. देवीच्या नावानं ओतलेलं धान्य परत घेतलं तर कोठीला कीड लागते, घराला काय लागते ते कोणी बोलूनही दाखवत नसे. आबा देवाला भिणारे होते. माणसाला ते कधी भ्यायले नाहीत.

धाकटा चुलतभाऊ वाट काढायला गेला. म्हणाला, माझ्या नावाच्या दोन पायल्या धरा. मोठी माय त्याच्यावर वळली. स्वतःचा मुलगा, तरी. "एक जित्तानी अन् एक मरेलनी का?" असं तिनं विचारलं. तो दोन पावलं मागे सरकला. एका माणसाला दोन मापं नाहीत, आणि बिननावाचे गहू दळता येत नाहीत. धोतरावर गव्हाचा एकच ढीग होता. त्यातली पाचवी पायली कुठली हे वेगळं करून दाखवता येत नव्हतं, आणि ती नाही असंही म्हणता येत नव्हतं. पायल्या पाच होत्या आणि मुठी चारच पडल्या होत्या.

माझा बाप खाली बसून होता. तो उठला. त्यानं काही केलं नाही, नुसता उठून आबांच्या शेजारी उभा राहिला. मला तेव्हा वाटलं की तो आता मोठ्यानं बोलेल. नाही बोलला. पण आबांसमोर तो एवढा जवळ आणि एवढा सरळ कधी उभा राहिला नव्हता, आणि तेवढं आबांना कळलं असावं. ते खाली वाकले. न मोजलेल्या गव्हाची मूठ भरली आणि ढिगावर धरून थांबले. तात्यांचं नाव घ्यायचं होतं. शेवटची दोन वर्षं ते आणि तात्या एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरच्या एका बाभळीवरून. आबांनी मूठ सोडली आणि नाव घेतलं. सगळ्यांना ऐकू आलं. रडले वगैरे नाहीत. हात झटकले, टोपी नीट केली आणि मला म्हणाले, "उद्यापासून तू मन्हा समोर येऊ नको." मी नाही गेले. चार दिवसांनी त्यांनीच हाक मारून चिलमीला विस्तव आणायला सांगितलं.

काकूनं काय केलं, असं माझ्या मुलींनी मला पुष्कळदा विचारलं आहे. त्यांना वाटतं तिनं मला पोटाशी धरलं असेल. तिनं अधोली उचलून परत जागेवर ठेवली, ज्वारी कोठीत ओतली आणि जात्यावर बसली. मायच्या समोर, खुंट्याला दुसऱ्या बाजूनं हात घालून. त्या दोघींनी ते गहू बोलता बोलता दळले. संध्याकाळी म्हशींची वेळ झाली तेव्हा मला हाक मारली आणि बादली धरायला लावली. त्या दिवसापासून पिळायला शिकवलं. म्हणाली, लिहिण्यावाचण्याशिवायही काही यायला पाहिजे. चिमटा काढला तो वेगळाच.

सोमवारी कानबाई नदीवर जाऊन आली आणि दुपारी कोरीटहून काकूचा भाऊ गाडी घेऊन आला. बैलांना नवीन झुली घातल्या होत्या, बहिणीला न्यायचं म्हणून. त्याला पाटावर बसवलं. तो पाहुणा, त्यामुळे त्याला रोट वाढता येत नव्हते. त्याच्यापुढे भाकरी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी ठेवली. समोरच्या ओळीत आम्ही घरचे बसलो होतो आणि आमच्या ताटात रोट, खीर, कढी. काकू विमलला शेजारी घेऊन आमच्या ओळीत बसली होती, माझ्या मायच्या आणि मोठ्या मायच्या मध्ये. तिच्या भावानं बघितलं. एकदा तिच्या ताटाकडे, एकदा आबांकडे. आबांनी त्याला आणखी भाजी घ्या म्हणून आग्रह केला. त्यानं घेतली, पोटभर जेवला आणि जेवण झाल्यावर बैल जुंपून एकटाच निघाला. कोणाला काही बोलावं लागलं नाही. निरोपाचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. वेशीपर्यंत काकू त्याच्या गाडीबरोबर चालत गेली, त्याच्या पोरांसाठी ताकाचं मडकं दिलं आणि परत आली.

काकू त्या घरात म्हातारी होऊन मेली. तिच्या वाट्याची जमीन तिच्या नावावर लागली, विमलचं लग्न त्याच ओसरीत झालं. आबा तिच्या हातचंच दूध शेवटपर्यंत प्यायले. हल्ली लोक म्हणतात की जुनी माणसं मनानं मोठी होती. मला तसं दिसलं नाही. ती नेमाला बांधलेली होती, आणि नेम कोणाच्या बाजूनं मोजायचा हे कोणीतरी बोलावं लागायचं. एवढाच फरक.

पुढच्या वर्षी कानबाईला आबांनी परत तेच पाच लिटरचं माप आणलं. मला वाटलं आता चारच मापं ओततील आणि मुठी पाच टाकतील, हिशेब तर तसाच बसतो. पण आबांच्या डोक्यात गेल्या वर्षीचं ते पोरीच्या तोंडचं गणित सलत असावं. त्यांनी तात्यांच्या नावाचंही माप वेगळं, काठोकाठ भरून ओतलं. पाच माणसं, पाच मापं, पाच मुठी. पुन्हा कोणी काही काढायला जागाच नको. मोठी माय म्हणाली, जागाच नको. पंचवीस लिटर गहू झाले. त्या वर्षी आम्ही रोट खाल्ले, खीर-रोट खाल्ले, कढी-रोट खाल्ले, ताकात कुस्करून खाल्ले. पौर्णिमा जवळ यायला लागली तसा मोठ्या मायनं टोपलीवरचा फडका काढला की दोन्ही चुलतभाऊ उठून शेताकडे पळायचे. माझ्या बापाचं पोट बिघडलं तरी तो खात होता.

मी तेव्हा मोजणीच्या वेळी ओसरीतच होते आणि पावकी माझ्या डोक्यात आपोआप चालू झाली होती. पाच मापं. दर मापात पाव पायली जास्त. पाच पाव म्हणजे सव्वा. पाच माणसांच्या पायल्या जाऊन त्या ढिगात सव्वा पायली उरत होती, बरोबर एका माणसाचा नेम, मुठीसकट. त्याला नाव कोणाचंच नव्हतं. मी तोंड उघडलं. काकू गोठ्याच्या खांबाशी नव्हती, यंदा ती धोतराच्या कडेला बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. ढिगाकडे बघून मनातल्या मनात माझं नाव घेतलं आणि त्या पौर्णिमेपर्यंत माझ्या ताटात जेवढे रोट पडले ते सगळे खाल्ले, कोणाला एक तुकडा दिला नाही.